नोकरीच्या साइटवर माझी फुई

जळगावला फॅशन डिझायनिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना प्लेसमेंट बघणाऱ्या सरांनी आम्हा सगळ्यांना एका वर्गात बसवलं, मोबाइल बाहेर काढायला लावले आणि नोकऱ्यांच्या एका साइटवर प्रत्येकीचं खातं उघडून घेतलं. "कपडे नंतर दाखवा," ते म्हणाले, "आधी ओळखी वाढवा. आजकाल काम ओळखीवर मिळतं." ओळखीवर काम तर आमच्या आज्यापणज्यांच्या काळातही मिळायचं. पण तेव्हा निदान ओळख खरी असायची.

खात्यावर फोटो हवा होता, म्हणून मी आणि माझी रूममेट एका स्टुडिओत गेलो. तिथे मुलींसाठी एक काळा ब्लेझर खुंटीला टांगलेला होता. जी येईल तिने तो घालायचा, हाताची घडी घालायची आणि जराशी मान कलती करायची. ब्लेझरच्या काखेत पांढरी वर्तुळं उमटली होती आणि आतून दुसऱ्या कुणाच्या तरी घामाचा, पावडरचा वास येत होता. मी श्वास रोखून हसले. त्या फोटोत मी फार आत्मविश्वासू दिसते असं सगळे म्हणतात.

नावाखाली एक ओळ लिहायची होती. मी लिहिलं, 'पॅटर्न कटिंग येतं.' मला खरोखर तेच आवडायचं. सपाट कापडाला कुठे चिमटा घेतला की ते खांद्यावर बसतं, पँटची बैठक किती खोल ठेवली की माणूस उकिडवं बसला तरी शिवण उसवत नाही, हे कागदावर काढून बघण्यात माझी दुपार निघून जायची. सरांनी ती ओळ खोडायला लावली. "हे टेलर लिहितात. तू लिही, स्टोरीटेलर." मी विचारलं, "कोणती स्टोरी सर?" ते म्हणाले, "ते बघू पुढे."

कॉलेज संपलं. मी जळगावातच खोली ठेवली, एका बुटीकमध्ये ब्लाउज कापून द्यायला लागले आणि उरलेल्या वेळात त्या साइटवर नोकरी शोधायला लागले. पहिल्या काही महिन्यांतच मला तिची शिसारी आली. तिथे कुणी साधं बोलतच नव्हतं. प्रत्येकाला काहीतरी जाहीर करताना अत्यंत आनंद होत होता. कुणी बदली झाली म्हणून कृतज्ञ, कुणी नोकरी गेली म्हणून कृतज्ञ. माझी रूममेट सुरतच्या एका कपड्यांच्या कंपनीत लागली होती, तिला त्यांनी एका दुपारी सामान उचलून जायला सांगितलं. ती फोनवर हुंदके देत माझ्याशी बोलली. फोन ठेवून मी साइट उघडली, तर तिची पोस्ट आधीच आलेली: किती शिकायला मिळालं, किती सुंदर माणसं भेटली, नव्या प्रवासाला सज्ज. खाली तिला काढणाऱ्या साहेबानेच टाळ्यांचं चित्र टाकलं होतं. मी तिला विचारलं, हे काय आहे? ती नाक ओढत म्हणाली, "रडकी पोस्ट टाकली तर पुढचा कोण घेईल गं?"

आणि मेसेज. स्वतःला टेक्स्टाइल कन्सल्टंट म्हणवणारा एक गृहस्थ माझं काम बघून फार प्रभावित झाला होता. काम मी अजून टाकलंच नव्हतं. मी टाकते म्हटल्यावर म्हणाला, आधी तुझा उभा फोटो पाठव, फिटिंगच्या कपड्यातला. आणखी एका कंपनीने परीक्षा म्हणून लहान मुलांच्या कपड्यांची अख्खी मालिका काढून मागितली. मी रंगवून, मापं टाकून पाठवली. नंतर त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. साइटवर मात्र ते रोज माणुसकीवर लिहायचे.

अशात मुंबईच्या एका ब्रँडकडून मेसेज आला. हाताने भरतकाम केलेले सुती कपडे विकणारा ब्रँड, महागडा. लिहिणारी बाई त्यांच्याकडे माणसं निवडायचं काम करायची. तिला माझ्या कटिंगशी देणंघेणं नव्हतं. तिने माझं गाव वाचलं होतं.

व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "तू खानदेशची? वाव. किती रॉ आहे तुमच्याकडे सगळं."

मला वाटलं, तिला कच्ची केळी म्हणायची आहेत.

तिने सांगितलं, डिझाइन असिस्टंटची एक जागा आहे आणि मी तिच्या मनात भरले आहे. पण आधी एकत्र काम करून बघू. नव्या कपड्यांचं फोटोशूट करायचंय, मागे एखादा जुना किल्ला हवा आणि सोबत गावातल्या चार-पाच बायका. मी व्यवस्था करू शकेन का? मी लगेच हो म्हटलं. सोनगीरला किल्ला होता आणि किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात माझी फुई होती.

फुई म्हणजे नानांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. नवरा गेल्यावर एकटी राहते, रोज सकाळी चार मैत्रिणींना घेऊन किल्ल्याच्या वाटेने फिरायला जाते, पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनने दुरुस्त करते आणि मग तो पेपर रद्दीत टाकते. तिला फोन केला तर म्हणाली, "तुन्ही नोकरीनं काम शे ना? मंग आम्ही बठ्ठ्या येतस."

थंडीचे दिवस होते. सकाळी मुंबईची गाडी आली. फोटोग्राफर, कपडे बघणारी एक स्टायलिस्ट, दोन उंच मॉडेल आणि ती बाई स्वतः. फुई आणि तिच्या मैत्रिणी आधीच पायथ्याशी येऊन उभ्या होत्या. काय सजल्या होत्या! फुईने निवृत्तीच्या दिवशी नेसलेली मोरपंखी पैठणी काढली होती. एकीची पिठाची गिरणी होती, तिने केसांना कलप लावून अंबाड्यावर अख्खा गजरा माळला होता. सगळ्यांच्या हातात घड्याळं, डोळ्यांवर चष्मे, पायात नव्या चपला. शाळेच्या गॅदरिंगला निघाव्यात तशा हसत होत्या.

स्टायलिस्टने त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "हे काय? मी खऱ्या बायका मागितल्या होत्या."

"खऱ्याच आहेत," मी म्हटलं.

गाडीतून एक गाठोडं निघालं. त्यात जुनेर लुगडी होती, मुद्दाम चहाच्या पाण्यात बुडवून पिवळट केलेली. शेजारच्या एका घरात नेऊन बायकांना ती नेसायला लावली. घड्याळं काढली, चष्मे काढले, गजरा काढला. फुईने एकदाच मला विचारलं, "मन्हा लुगडामा काय खोट शे व?" मी म्हटलं, त्यांना जुन्या काळातलं दाखवायचंय. तिने ते लुगडं नेसलं. शाळेच्या नाटकात मुलांना दाढ्या चिकटवणारी बाई, तिने तेही नाटकच समजून घेतलं असणार.

सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. गिरणीवाल्या मावशींनी घरून चिंचेने घासून लखलखीत केलेली कळशी आणली होती, फोटोत चांगली दिसेल म्हणून. ती त्यांना चालली नाही. फार चमकते म्हणे. कुठून तरी काठाचा टवका उडालेलं मातीचं मडकं आणलं गेलं. मग स्टायलिस्टने खाली वाकून मूठभर माती उचलली आणि फुईच्या हाताच्या पाठीवर, बोटांच्या पेरांवर, नखांत चोळली. विचारलंही नाही. एखाद्या भिंतीला रंग द्यावा तसं. फुई हाताकडे बघत राहिली.

नंतर तिच्या मांडीवर भरतकाम केलेला कुडता ठेवला आणि हातात सुईदोरा दिला. फुईने आयुष्यात गुंडीदेखील धड लावलेली नाही. तिच्या ब्लाउजचे हूक नेहमी माझी आई लावून द्यायची. ती सुई डोळ्यांजवळ नेऊन, लांब धरून बघायला लागली. "बिगर चष्मानं माले दोरा दिखस का?" ती म्हणाली आणि सगळ्या मैत्रिणी खो खो हसल्या. फोटोग्राफर ओरडला, "नो स्मायलिंग! सॅड, सॅड!"

मी कुडता सारखा करायला पुढे झाले, तेव्हा तो उलटा झाला. मागच्या बाजूला भरतकामाखाली पांढरा कडक कागद चिकटलेला होता. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर भरताना कापड ओढलं जाऊ नये म्हणून लावतात तो. काही ठिकाणी नीट फाडलासुद्धा नव्हता. हाताने भरलेलं म्हणून विकतात ते हे. मी त्या बाईकडे पाहिलं. तिने पाहिलं की मी पाहिलंय. ती गोड हसून म्हणाली, "तुझी नजर चांगली आहे. टीममध्ये उपयोगी पडेल."

दुपारी फुईने सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं होतं. गिरणीवाल्या मावशींनी पहाटे उठून वांगी भाजली होती. भरीत, पुऱ्या, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, सगळं अंगणात मांडलेलं. मुंबईच्या मंडळींनी ताटांचे फोटो काढले, एका मॉडेलने भाकरी हातात धरून ओठांपर्यंत नेली आणि तशीच खाली ठेवली. मग ती सगळी गाडीत बसून हायवेवरच्या हॉटेलात जेवायला निघून गेली. फुईने ताटं झाकली. तिच्या नखांत अजून माती होती.

पुढे काही आठवडे कुणाचा फोन नाही. मग एका संध्याकाळी नानांचा शिंदखेड्याहून फोन आला. आवाज आनंदाने फुटत होता. "काय व पोरी, फुईना फोटो कितला लोके देखी राह्यनात! भाचानी धाडा माले." नानांना इंग्रजी वाचता येत नाही. मी साइट उघडली.

फुईचा मोठा फोटो होता. पिवळट लुगडं, चष्म्याविना मिचमिचे झालेले डोळे, मातीने भरलेले हात, हातात सुई. खाली ब्रँडच्या मालकिणीने इंग्रजीत लिहिलं होतं: खानदेशच्या एका दुर्गम पाड्यावर मला ही आजी भेटली. तिला लिहिता-वाचता येत नाही. शाळेचं तोंड तिने पाहिलेलं नाही. पण तिच्या बोटांना पिढ्यान्‌पिढ्यांचे टाके पाठ आहेत. आम्ही तिला काम दिलं आणि तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच स्वाभिमान पाहिला. फुईला त्यांनी एक नवं नावही ठेवलं होतं, नाटकातल्या गरीब म्हातारीला शोभेल असं. शेवटी माझा उल्लेख होता: याच मातीतली एक मुलगी, जिला आम्ही शोधून काढलं.

लहानपणी मी सोनगीरला फुईच्या दारात बसून मुंबई-आग्रा हायवेवरचे ट्रक मोजायचे. दुर्गम पाडा!

खाली शेकडो लोक गहिवरले होते. कुणी म्हणे अंगावर काटा आला, कुणी म्हणे हाच खरा भारत. आमच्या प्लेसमेंटच्या सरांनी लिहिलं होतं, 'माझी विद्यार्थिनी, अभिमान वाटतो.' माझ्या तोंडात आंबट चव आली. मी मोबाइल उलटा करून ठेवला आणि मोरीत जाऊन चूळ भरली.

तेवढ्यात माणसं निवडणाऱ्या त्या बाईचा मेसेज आला. पोस्ट बघितलीस ना? आता तू ती तुझ्या शब्दांत पुढे पाठव. आजीबद्दल काहीतरी भावनिक लिही, बालपणीची आठवण वगैरे. तुझं ऑफर लेटर तयारच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडून मी धुळ्याला आणि तिथून सोनगीरला गेले. फुई ओट्यावर पेपर वाचत होती. तिला सांगायला तोंड उघडवेना, म्हणून मोबाइलच हातात दिला. तिने चष्मा सारखा केला आणि सगळं वाचलं, ओठ हलवत, शाळेत पाठ वाचायची तसं. वाचून झाल्यावर परत वर जाऊन पहिल्यापासून वाचलं.

"दुर्गमचं स्पेलिंग चुकाडेल शे," ती म्हणाली. इंग्रजीत त्यांनी तो शब्द तसाच घातला होता. मग तिने मोबाइल मला परत दिला. आणि विचारलं, "तुले हाई नोकरी जोयजे का?"

मी म्हटलं, "काल संध्याकाळपर्यंत हवी होती."

"मंग फोन लाव तिले."

मी स्पीकरवर फोन लावला. माझी फुई बोलणार आहे म्हटल्यावर त्या बाईचा आवाज एकदम लाडिक झाला. ती हळूहळू, शब्द तोडत हिंदीत बोलायला लागली, बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी. "आजी, कैसे हो? फोटो देखा? अच्छा लगा?"

फुईने घरातली भाषा बाजूला ठेवली आणि शाळेतली काढली. "नमस्कार. मी मराठीत बोलते, तुम्हाला समजेल. तुम्ही लिहिलंय की मला लिहिता-वाचता येत नाही."

आता तीही मराठीवर आली. "मॅडम, ते लिटरली तुमच्याबद्दल नाहीये. ती स्टोरी आहे. सगळ्या कारागीर बायकांची."

"फोटो कुणाचा आहे?"

"तुमचा. पण तुम्ही त्यांचं प्रतीक आहात."

"मग त्यांचाच फोटो लावा. तुमचे कपडे जी भरते तिला बसवा समोर. आहे का अशी कुणी?"

"मॅडम, तुम्ही चिडू नका. यामुळे तुमच्या भाचीचंच करिअर होणार आहे. लोकांना प्रेरणा मिळतेय."

"माझ्याकडे पहिलीत मूल आलं की आधी मी त्याला त्याचं नाव लिहायला शिकवायचे," फुई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण ओट्याखालून जाणारी गिरणीवाली मावशी थबकून उभी राहिली. "तुम्ही तर माझं नावच खाल्लंत. तो फोटो काढून टाका."

"मी टीमशी बोलते," ती बाई म्हणाली आणि फोन कट झाला.

मी तिथेच ओट्यावर बसून त्या पोस्टखाली लिहिलं. या बाई माझ्या फुई. मुख्याध्यापिका होत्या. त्यांना शिवता येत नाही. हातांवर माती शूटिंगच्या दिवशी लावली होती आणि मांडीवरचा कुडता मशिनवर भरलेला आहे. फुईने वाचून दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले.

माझं लिहिणं दुपारच्या जेवणापर्यंत टिकलं. मग ते नाहीसं झालं आणि मला त्या ब्रँडचं पानच उघडेना. रूममेटच्या खात्यावरून पाहिलं तर पोस्ट जागेवर होती. लिहिता-वाचता येत नाही हे वाक्य काढलं होतं, नाव काढलं होतं. फोटो मात्र काढला नव्हता, कापला होता. मान, चेहरा, डोळे गेले. मनगटापासून खाली दोन हात आणि सुई एवढंच ठेवलं होतं. माती चांगली उठून दिसत होती. खाली लोक अजून गहिवरत होते.

मी तो फोटो फुईला दाखवला. तिने आपला उजवा हात मोबाइलच्या शेजारी धरला आणि बघितलं.

"हाऊ मन्हाच हात शे," ती म्हणाली. आणि उठून आत गेली. नळाखाली ती बराच वेळ हात धूत होती, हे मला बाहेर ऐकू येत होतं.

ऑफर लेटर अर्थात आलं नाही. मी त्यांच्या संस्कृतीत बसत नाही, असं कळवलं गेलं. ते मला मान्य होतं. खरा वीट आला तो त्यानंतरच्या मेसेजांचा. साइटवरच्या ओळखीच्या, बिनओळखीच्या कितीतरी मुलींनी मला गुपचूप लिहिलं की तू बरोबर केलंस, आमच्याकडूनही असंच करवून घेतलं. उघडपणे एकीनेही नाही. त्यातल्याच एकीने ती कापलेली पोस्ट पुढे पाठवून खाली लिहिलं होतं, 'नतमस्तक.' सरांचा फोन आला. "तू कॉलेजचं नाव खराब करू नकोस. पुढच्या बॅचच्या मुलींना ते लोक घेणार आहेत." मी विचारलं, "त्यांच्याही आज्या लागतील का सर?" त्यांनी फोन ठेवला.

नानांना समजावणं सगळ्यात अवघड गेलं. त्यांनी तो फोटो बाजारातल्या सगळ्यांना दाखवला होता. मी अर्थ सांगितल्यावर त्यांनी फक्त मोबाइलमधून फोटो कसा काढून टाकतात ते मला विचारलं.

जळगावची खोली सोडून मी धुळ्याला आले. बसस्टँडमागच्या गल्लीत शाळांचे गणवेश आणि दवाखान्यांचे कोट शिवणारा एक कारखाना आहे, त्याच्या शटरवर खडूने लिहिलेलं होतं: कटिंग मास्टर पाहिजे. आत गेले. मालकाने मान वर न करता विचारलं, "बाई कापेल का?" मी म्हटलं, कापड द्या. दिलं. कापलं. त्याने ते दोन्ही हातांनी ताणून बघितलं आणि विचारलं, "डबा आणणार की इथं जेवणार?" माझी मुलाखत तेवढीच.

तिथे सुख आहे असं मी म्हणणार नाही. नाकातोंडात कापडाची लव जाते, मालक शाळा सुरू व्हायच्या दिवसांत कुत्र्यासारखा अंगावर येतो आणि मशिनींच्या आवाजात दुपारनंतर डोकं भणभणतं. पण तिथे कुणी मला गोष्ट विचारत नाही. साइटवरचं खातं मी अजून बंद केलेलं नाही, कारण उद्या चांगली जागा निघाली तर ती तिथेच निघेल, हे मलाही कळतं. उघडलं की मात्र तोंडात तीच आंबट चव येते. परवा त्या ब्रँडला कारागिरांच्या सन्मानासाठी कसलंसं पारितोषिक मिळाल्याचं दिसलं. मंचावर मालकीणबाईच्या मागे पडद्यावर फुईचे हात होते.

मागच्या महिन्यात एका दवाखान्यातल्या नर्सबाई कारखान्यात आल्या आणि त्यांनी टेबलावर कोट आपटला. "खिसा कसला ठेवलाय हा? वाकलं की पेन पडतं, थर्मामीटर पडतं." मी त्यांना उभं केलं, वाकायला लावलं, हात कुठवर जातो ते बघितलं आणि खिसा खाली घेऊन खोल केला, तोंडाशी जरासा तिरपा. पुढच्या खेपेला त्या आल्या, एक कोट अंगात घातला, खिशात पेन टाकलं, कात्री टाकली आणि तिथेच जमिनीवर पडलेली चिंधी उचलायला वाकल्या. काही पडलं नाही. त्यांनी उरलेल्या कोटांचं गाठोडं उचललं आणि रिक्षात बसून गेल्या.